फिटरमामा आणि बंद झालेलं मॉडेल

फिटरमामा दुकानात शिरले की एक शब्द बोलत नसत. एरवी हा माणूस बोलायला लागला की समोरचा चहा गार होऊन जायचा. पण पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात पाऊल टाकलं, की त्यांची वाचा बसायची. खांद्यावरच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला झिजलेला तुकडा काढायचा, उलगडून काउंटरवर ठेवायचा आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. गर्दी असली तरी घाई नाही. दुकानदारानं तो तुकडा स्वतः उचलून, फिरवून, उजेडात धरून पाहीपर्यंत मामा आपले कॅलेंडरवरच्या देवाकडे बघत उभे. डिचोलीपासून म्हापशापर्यंतच्या काउंटरांना ही सवय ठाऊक होती. नवखा कुणी "काय हवं, बोला की" म्हणाला, तर मामा बोटानं तुकड्याकडे दाखवायचे.

मी एकदा विचारलं, नाव सांगायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "नावान मागलंस तर तो आपल्याकडे असलेलो जिन्नस देता. नमुनो पुढ्यात ठेवलंस तर तुका होयो तो देता." नमुना हातात नसेल तर दुकानाची पायरी चढायची नाही, हा त्यांचा नेम होता. या नेमानं पुढे मला चांगलंच रडवलं, ते येईलच.

मामा मूळचे दोडामार्गाकडचे. मिसरूड फुटायच्या वयात डिचोलीला आले आणि खाणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून चिकटले. खाणीच्या खड्ड्यांत पावसाळाभर पाणी साचायचं, ते उपसणारे धिप्पाड पंप चालते ठेवणं हे त्यांचं काम. मग खाणी बंद झाल्या. गवतात उभे असलेले ट्रक बघत बसण्यापेक्षा बरेच जण आपापल्या गावी परतले. मामांनी मात्र पिशवीत पाने-पकडी भरल्या, जुनी स्कूटर काढली आणि घरोघरच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करत फिरायला लागले. मोठ्या कामावरून लहान कामावर आलो असं त्यांना चुकूनही वाटत नसे. उलट म्हणत, "थंयचा पाणी कोण पियत नाय होता. हयचा माणसा पितत."

म्हणूनच असेल, पंपाला हात लावण्याआधी ते त्या विहिरीचं पाणी मागत. तेही पेलाभर, न गाळलेलं. घोट तोंडात घोळवून, डोळे बारीक करून ठरवायचे. "बरा असा. हेच्यासाठी कष्ट करूक हरकत नाय." पाणी आवडलं नाही तर आधी विहीर उपसा, गाळ काढा, मग मला बोलवा, असं सांगून सरळ परत जायचे. आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी पहिल्यांदा प्यायलं तेव्हा दुसरा पेला मागितला होता. मला मेलीला केवढं बरं वाटलं होतं!

माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. दोन तालुक्यांतले पंप त्यांना तोंडपाठ, माणसं सगळी धूसर. कुणाचा शाफ्ट कधी बदलला, कुणाच्या फूटवॉल्व्हची जाळी फाटली होती, सगळं डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. पहिली तीन वर्षं त्यांच्या लेखी माझं नाव 'इब्रामपूरचो दोन इंची' होतं, कारण गाव इब्रामपूर आणि आमच्या पंपाचं तोंड दोन इंची. प्राथमिक शाळेत मला मुलं टीचर म्हणतात, गावात लोक मान देऊन बोलतात, आणि डिचोलीच्या भर बाजारात हा गृहस्थ मला हाक मारणार, "अगो दोन इंची, पंप कसो असा?" पुढे मी 'बाय' झाले. तेव्हा बढती मिळाल्यासारखं वाटलं.

आमचा पंप वडिलांनी बसवलेला, विहीरही त्यांनीच खणून घेतलेली. ते गेल्यावर घरात मी एकटीच राहिले. माझा थोरला भाऊ, दादा, नोकरीसाठी फोंड्याला. तो शनिवारी-रविवारी येतो. त्यामुळे पंपाची देखभाल माझ्या गळ्यात पडली, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मामांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात पाना दिला. मी म्हटलं, "मामा, माका जमूचा नाय." ते पायरीवर बसून पोदेराकडचा उंडा पाव चहात बुडवत म्हणाले, "पंप तुझो, बाव तुझी, पानो माझ्या हातात कित्याक?" मग त्यांनी खाणं संपवेपर्यंत मी घाम गाळत बोल्ट सोडवले. कुठला आधी सोडायचा, उघडलेले बोल्ट ताटलीत कसे गोल मांडून ठेवायचे म्हणजे ज्याचा तो ज्याच्या त्या जागी जातो, हे सगळं त्यांनी बसल्या जागेवरून शिकवलं. आळशीपणा करतात असं तेव्हा वाटलं होतं. नंतर कळलं, ज्या घरात शिकणारं कुणी दिसेल त्या घरात ते असेच बसून राहत.

त्या वर्षी श्रावणात पंप नुसता घुमायला लागला. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी काही टाकीत चढत नाही. मामांच्या देखरेखीखाली मी पंप उघडला. आतला इंपेलर, म्हणजे पाणी वर फेकणारी पाती असलेली चकती, कडेनं उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. मामांनी ती कागदात गुंडाळली आणि आम्ही डिचोली, म्हापसा पालथं घातलं. प्रत्येक काउंटरवर मामा मुके, आणि प्रत्येक दुकानदाराचं उत्तर एकच. ते मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं, नवीन पंप घ्या. आमच्या पाइपांच्या मापाचा नवा पंप कुणाकडे नव्हता. म्हणजे पाइपही बदला, चौथराही फोडा.

ही बातमी दादाला कळली आणि त्याला आयतंच कारण सापडलं. त्याला कधीपासून बोअर मारायची होती. विहिरीच्या तोंडावर स्लॅब टाकली की गाडी ठेवायला जागा होईल, हेही त्यानं मनात आखून ठेवलं होतं. तो वाईट नाही. दर रविवारी पंपाचं रडगाणं ऐकून कंटाळला होता इतकंच. म्हणाला, "चवथ होऊ दे. अनंत चतुर्दशीपर्यंत तुझो पंप चालू झालो तर बरा. नाय तर बोअरची गाडी मी सांगून ठेवल्या." वडिलांची विहीर स्लॅबखाली गाडली जाणार होती. मी मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "कंपनीन बंद केल्यान म्हणान काय झाला? माणसान केलेलो जिन्नस माणूस परत करता." बेळगावच्या एका ओतकाम करणाऱ्याकडे नमुना नेऊन तसाच इंपेलर ओतून आणायचा, असं ठरलं. सोमवारी येऊन नेतो, तोवर सांभाळून ठेव, असं बजावून ते गेले. मी तो कागदाचा पुडा ओसरीच्या खिडकीत ठेवला.

पुढे जे झालं ते आमच्याच भागातल्या बायका करू जाणोत. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली की आमच्याकडे घर धुण्याचं वारं अंगात संचारतं. भिंती झाडा, पाट घासा, गणपतीवर फळं-भाज्या टांगायची माटोळीची चौकट खाली उतरवा, आणि वर्षभराचं अडगळीचं सामान भंगारवाल्याच्या पोत्यात घाला. रविवारी सकाळी मी पदर खोचला आणि ओसरी चकचकीत केली. फुटकी बादली, गंजलेले पत्रे, तुटकी शेगडी, आणि त्याच भरात खिडकीतला तो जड पुडाही. माझ्या या हातांनी दिला. घर आरशासारखं झालं म्हणून खूश होऊन मी आंघोळीला बसले, आणि डोक्यावर पाणी ओतता ओतता आठवण झाली.

धावत रस्त्यावर गेले. भंगारवाला केव्हाच दोन गावं पुढे गेला होता. शोधून काढला तेव्हा त्याचं पोतं टेम्पोत रिकामं झालं होतं आणि टेम्पो हद्दीपार गेला होता. सोमवारी मामा आले. नमुन्याशिवाय पायरी न चढणाऱ्या माणसाला मी काय तोंड दाखवणार? मला रडूच फुटलं. ते ओसरीवर बसले, चपला काढल्या, खिडकीकडे एकदा बघितलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

"रडान इंपेलर गावना नाय," ते म्हणाले. "च्या ठेव."

चहा होईपर्यंत ते डोळे मिटून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. गावांची नावं पुटपुटत होते. कप हातात दिला तेव्हा डोळे उघडले. "तुझ्या पंपाचो एक भाव हरमलाक असा. धा वर्सां झाली, पण असा."

दुसऱ्याच दिवशी शाळेला रजा टाकून मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवलं आणि समुद्रकाठचं हरमल गाठलं. मामांच्या आठवणीतलं घर शोधायला वेळ लागला, कारण त्याच्या परसात आता पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या होत्या. आणि त्या खोल्यांच्या समोर, वाळूत, आमच्या पंपाचा सख्खा भाऊ उभा होता. अंगभर निळा रंग, मोटरवर झेंडूची कुंडी. एक गोरी मुलगी त्याच्याशेजारी बसून फोटो काढून घेत होती.

मामांनी पंपाभोवती एक फेरी घातली. मग घरमालकीण बाहेर आली तसे म्हणाले, "हेका रंग कोणी मारल्यान?"

तिनं मामांना ओळखलं. हसत म्हणाली, "मियाच मारलंय. लोकांका आवडता." विहीर आता कुणी वापरत नव्हतं, पाहुण्यांसाठी टँकर यायचा. मामांनी नेहमीप्रमाणे पेलाभर पाणी मागितलं. ती बाटली आणायला वळली, तर म्हणाले, "बाटलेचा नाय. बावीचा." तिनं नाखुशीनंच कळशी सोडली. मामांनी घोट घोळवला आणि पेला माझ्या हातात दिला. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी इतकं गोड.

आमची कथा ऐकून ती बाई म्हणाली, "मग काढून घेऊन जावा मामानु. माका तेचो काय उपेग?" मला तिला मिठी मारावीशी वाटली. तासाभराचं काम! संध्याकाळी आमची टाकी भरली असती, दादाचं तोंड बंद, चवथ सुखात. मी पाना काढलासुद्धा.

"नाय," मामा म्हणाले. "एका पंपाचो जीव काढून दुसऱ्यात घालूचो नाय."

मी म्हटलं, अहो मामा, तो मेलेलाच आहे, त्याच्यावर झेंडू लावलाय. ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हाच पाहिलं. "कोण म्हणता मेलो? बावीत पाणी असा, बॉडी धड असा. कोणी चालवूक नाय, इतक्याच." मग बाईंकडे वळून हात जोडले. नमुना म्हणून इंपेलर नेतो, तसाच दुसरा ओतून घेतो, आणि हा परत आणून बसवून पंप चालू करून देतो. बाईला हा माणूस वेडा वाटला असावा. तिनं होकार दिला.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी भांडले. तुमच्या हट्टापायी माझी विहीर जाईल, असं तोडून बोलले. पेडण्याच्या चढावर मागून त्यांचा आवाज आला, "बाय, तुझी बाव ऱ्हवली आणि तिची गेली, तर मिया काय केलंय?" माझा राग मात्र गेला नाही.

आणि माझी भीती खरी ठरायला लागली. बेळगावच्या त्या ओतकामवाल्याकडेही गणपती, त्याचे कामगार गावी गेलेले. चवथीला आमच्या घरी लहानमोठी वीस माणसं जमली आणि सगळं पाणी कप्पीला दोरी लावून ओढावं लागलं. दादानंही ओढलं. तळहाताला फोड आले तसा तो दर कळशीमागे माझ्याकडे बघायचा. विसर्जन झालं, पाहुणे गेले. बोअरवाल्याचा फोन येऊन गेला. मी रोज फाटकाकडे डोळे लावून बसायचे.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मामा आले. पिशवीत दोन पुडे होते. एकात हरमलचा इंपेलर, दुसऱ्यात नवा कोरा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून त्यांनी नमुन्याला आधी मेणाचा पातळ थर दिला होता, आणि डिचोलीच्या लेथवर उभं राहून तो नवा इंपेलर केसभर केसभर तासून घेतला होता. दोन्ही पुडे ओसरीवर ठेवून ते पायरीवर बसले. "बसव," म्हणाले.

दादा घरीच होता. माझे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून चालू करण्याआधी पंपात पाणी भरायला तोच तांब्या घेऊन वाकला. मी बटण दाबलं. पंप आधी खाकरला. मग तांबूस पाणी थुंकला. आणि मग टाकीत धार पडल्याचा आवाज आला. सरळ, भरदार धार. मी तशीच माखलेल्या हातांनी तोंडावर पदर धरला. दादा मागच्या दारी गेला आणि फोनवर बोलताना ऐकू आला, "नाय नाय, आता नको." परत येऊन त्यानं मामांना विचारलं, हा किती वर्षं टिकेल?

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "तिका विचार. पंप तिचो."

आयुष्यात मला बरेच शाल-नारळ मिळाले आहेत, शाळेच्या कार्यक्रमांतून. पण त्या एका वाक्याइतका मान मला कुणी दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही हरमलला गेलो. झेंडूची कुंडी बाजूला ठेवली आणि मी त्या पंपाचा इंपेलर परत बसवला. मामांनी फक्त वायरिंग बघितलं. पाणी आलं तेव्हा खोल्यांतले पाहुणे टाळ्या वाजवायला लागले आणि मामा लाजून माडाच्या आड जाऊन उभे राहिले. त्या बाईनं टँकर बंद केला. निळा रंग तिनं तसाच ठेवलाय. आता तो निळा पंप चालतो.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीनं दगा दिला आणि मुलानं त्यांना गावी नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर पडून होते, बोलताना धाप लागत होती. मला बघून काही क्षण ओळख पटेना. मी मोबाइल काढला. निघताना सहज सुचलं म्हणून आमचा पंप चालताना त्याचा आवाज भरून घेतला होता. तो त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटून अगदी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "ग्लँड सैल असा. इल्लीशी आवळ. पाणी गळता." घरी येऊन पाहिलं तर शाफ्टच्या मुळाशी, ग्लँडमधून, पाणी ठिबकत होतं. मी ग्लँड आवळली. वैशाखात ते गेले.

त्यांच्या मागे पंप बंद पडेल ही धास्ती मला होती. तसं झालं नाही. जे झालं ते वेगळंच. परवा, एका रविवारी, डिचोलीजवळच्या गावातले एक वयस्क गृहस्थ घर विचारत आले. त्यांच्याकडे हाच पंप, त्याचा इंपेलर फुटून तुकडे झालेला, नमुना म्हणून दाखवायलाही काही शिल्लक नाही. दुकानात चौकशी केली तर दुकानदारानं सांगितलं, इब्रामपूरच्या टीचरकडे तो अजून चालतो. अंगणात उभे राहून ते संकोचानं विचारत होते, एखादा जुना, मोडका इंपेलर अडगळीत पडलाय का.

मी म्हटलं, "मोडको नाय. पंपातलो काढून देतंय. ओतून घेवा, आणि आठ दिवसांनी परत हाडून देवा. तुमचो बसवूक मीच येतलंय."

त्यांना ते पटेना. टाकीत पडणाऱ्या धारेकडे बघत म्हणाले, "चलत्या पंपाचो कोण काढून देता गो बाय? तुमका पाणी?"

ओसरीवर बसलेल्या दादानं हातातला पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता हा काही बोलणार. तो उठला आणि माळ्यावरची कप्पीची दोरी काढायला शिडी शोधू लागला.

"फिटरमामाची माणसा देतत," मी त्यांना म्हटलं, आणि पंप बंद करून पाना आणायला आत गेले.